हजेरीपटावरचा हक्क

हिंगणघाट तालुक्यातले वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. अशा गावातला शिकलेला मुलगा नोकरीसाठी कधी उत्तरेला नागपूर धरतो, कधी दक्षिणेला हैदराबाद, कधी थेट पुणे. त्याला मिळालेल्या नियुक्तिपत्रात वर्षाच्या पॅकेजचा आकडा ठळक छापलेला असतो. खाली त्याची फोड असते: मूळ वेतन, घरभाडे भत्ता, भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आणि तळाशी ग्रॅच्युइटी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के. दरमहा खात्यात जमा होणाऱ्या पगारात ही रक्कम दिसत नाही. तीन वर्षांनी त्याने नोकरी बदलली, तर शेवटच्या हिशेबातही ती येत नाही. पॅकेजमध्ये मोजून दाखवलेले पैसे कायद्याने त्याला अजून देय झालेलेच नसतात, कारण त्याची पाच वर्षे पुरी झालेली नसतात.

ही पाच वर्षे आली कुठून? आणि एखाद्याने एक वर्ष नोकरी केली, हे ठरवायचे कशावरून? या दोन प्रश्नांवर भारतातल्या कामगारांनी आणि मालकांनी जवळजवळ शंभर वर्षे वाद घातला आहे. त्यातला मोठा भाग कापसाच्या गिरण्यांत घडला, आणि त्याची सुरुवात वडनेरहून फार लांब नाही.

वर्धा जिल्ह्याचा हा पट्टा कापसाचा. हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारात त्याच्याच नावाने भाव मिळे. रेल्वे आली, सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने उभे राहिले, मग हिंगणघाट आणि पुलगावला सूतगिरण्या निघाल्या. पण मध्य प्रांतातली थोरली गिरणी नागपूरची. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस पडले. कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची, हा टाटांचा हिशेब बरोबर ठरला. माणसांचा हिशेब मात्र जुळेना. आजूबाजूच्या गावांतून आलेला कामगार पेरणीला, सुगीला, लग्नसराईला परत गावी जाई, आणि पहाटेचा भोंगा वाजला तरी साचे माणसांवाचून उभे राहत. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी त्यावर जे उपाय केले, त्यांत १८८६ चा पेन्शन फंड होता आणि १९०१ चा भविष्यनिर्वाह निधी. कामगाराने टिकून राहावे, रोज यावे, म्हातारपणी त्याच्या हाती काहीतरी पडावे, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या होत्या. त्या काळी मुलांनाही गिरणीत राबवले जाई. अशा काळातला तो निर्णय होता आणि त्याचे मोठेपण मला मान्य आहे. पण सेवेच्या शेवटी मिळणारा पैसा हजेरीशी बांधला गेला तोही तिथेच, आणि पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्या गाठीत आहे.

टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९३७ साली निवृत्तीच्या वेळची ग्रॅच्युइटी सुरू झाली. देशाने तिचा कायदा केला १९७२ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत बाकीच्या कामगारांचे काय झाले? ज्याचा मालक उदार त्याला मिळाली, ज्याची युनियन बळकट तिने भांडून घेतली, आणि उरलेले रिकाम्या हाताने घरी गेले. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक न्यायालयांनी एकेका गिरणीच्या, एकेका उद्योगाच्या भांडणात योजना आखून द्यायला सुरुवात केली. उद्योगाची ऐपत किती, आणि त्याच भागातले तसलेच दुसरे उद्योग काय देतात, हे पाहून दर ठरे. कायद्याने पहिल्यांदा हा हक्क मिळाला तो श्रमिक पत्रकारांना, १९५५ साली. सूत काढणाऱ्याला, विणणाऱ्याला अजून वाट पाहायची होती.

या काळातला एक निवाडा महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. कपडे धुण्याच्या एका कारखान्यातल्या कामगारांचा खटला १९६१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेल्या कामगाराची सगळी ग्रॅच्युइटी बुडावी, असे मालकाचे म्हणणे होते. निवाडा लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, साताऱ्यात जन्मलेल्या. त्यांनी सांगितले, की ही मालकाच्या मर्जीची खिरापत नाही. कामगाराने केलेल्या सेवेबद्दल ती त्याने मिळवलेली असते. एकदा मिळवलेली गोष्ट शेवटच्या एका चुकीमुळे सगळीच्या सगळी का हिरावून घ्यावी? त्या चुकीने मालकाचे नुकसान झाले असेल, तर तेवढे कापून घ्यावे. गजेंद्रगडकर पुढे सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष. कामगार कायद्याला त्यांनी दिलेले हे वळण मला त्यांच्या पदांपेक्षा मोलाचे वाटते. ग्रॅच्युइटी म्हणजे थांबवून ठेवलेली मजुरी, ही समज तिथे पक्की झाली.

कायद्याकडे पाऊल टाकले ते राज्यांनी. केरळ आणि पश्चिम बंगालने १९७० आणि १९७१ मध्ये आपापले कायदे केले. बंगालच्या वटहुकुमानंतर दोन-तीन महिन्यांतच, ऑगस्ट १९७१ मध्ये, राज्यांच्या श्रममंत्र्यांची दिल्लीत बैठक झाली. प्रत्येक राज्याने वेगळा दर ठरवला तर अनेक राज्यांत कारखाने असलेल्या कंपन्यांचा गोंधळ होईल, म्हणून साऱ्या देशाला एकच कायदा असावा असे ठरले. तेव्हा केंद्रात श्रममंत्री होते महाराष्ट्राचे र. के. खाडिलकर. संसदेने कायदा केला आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून तो लागू झाला.

त्या वर्षीची महाराष्ट्राची स्थिती आठवून पाहावी. राज्यात भीषण दुष्काळ होता, माणसे खडी फोडत होती. विदर्भात त्याच हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली होती, आणि घरोघरी, बाजारात चर्चा होती ती तिचीच. सेवा-समाप्तीच्या पैशाच्या कायद्याकडे गावात कोणाचे लक्ष जाणार? पण कायदा पक्का होता. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेला कारखाना, दुकान, आस्थापना त्याच्या कक्षेत आली. सलग पाच वर्षे सेवा झालेला कामगार निवृत्त झाला, राजीनामा देऊन गेला किंवा त्याला काढले, तरी सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन त्याला द्यायचे. शेवटचे तुटक वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल तर तेही पुरे धरायचे. मृत्यू झाला किंवा कायमचे अपंगत्व आले तर पाच वर्षांची अट नाही. ही शेवटची तरतूद फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. कामाला लागून वर्षच झालेला मुलगा अपघातात गेला, तर त्याच्या आईवडिलांचा त्या पैशावर हक्क असतो, आणि कितीतरी घरांत तो मागितलाच जात नाही.

सुरुवातीला महिना १,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच हा कायदा लागू होता. ती मर्यादा वाढत वाढत १९९४ मध्ये काढून टाकली गेली, आणि कारकून, अधिकारी, पुढे संगणक अभियंतेही आत आले. मिळणाऱ्या रकमेवर मात्र कमाल मर्यादा राहिली. २०१० मध्ये ती १० लाख झाली, २०१८ मध्ये २० लाख.

पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे किती, यावरही खटले झाले. महिन्याचा पगार तीसने भागायचा की सव्वीसने? मालक म्हणत तीस. जामनगरच्या दिग्विजय वूलन मिलच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस मान्य केले, कारण चार रविवारी कामगार काम करत नाही आणि त्याची मजुरी उरलेल्या दिवसांत मिळवलेली असते. २६,००० रुपये पगारावर तीसने भागले तर एका वर्षाचे १३,००० होतात, सव्वीसने भागले तर १५,०००. तीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक ६०,००० रुपयांचा होतो. पॅकेजमधले ४.८१ टक्केही इथूनच आले: महिन्याच्या मूळ वेतनाचे पंधरा भागिले सव्वीस, ते वर्षाच्या बारा महिन्यांवर पसरले की तेवढेच निघतात.

आता सोलापूर. या सगळ्या इतिहासात मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारे प्रकरण तिथले आहे.

गिरणीत कायम कामगारांच्या जोडीला बदली कामगारांची फौज असे. कायम माणूस आजारी पडला, गावी गेला, की त्याच्या साच्यावर बदली उभा राहायचा. पाळी सुरू होण्याआधी बदलीने फाटकाशी येऊन थांबायचे. नाव पुकारले तर आत, नाही पुकारले तर परत घरी, त्या दिवसाची मजुरी नाही. जुन्या काळी कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी खाई. पुढे पास आले, नोंदवह्या आल्या, पण फाटकाशी थांबणे सुटले नाही. कितीतरी जणांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बदली म्हणून काढली आणि मग कुठे ते कायम झाले. निवृत्तीच्या वेळी ते म्हणाले, ती वर्षेही आमच्या सेवेत धरा.

सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिलमधल्या अशा कामगारांचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला लालप्पा लिंगप्पा या नावाने ओळखला जातो. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी निकाल लागला आणि तो कामगारांच्या विरुद्ध गेला. बदलीच्या काळातले ज्या वर्षी प्रत्यक्ष २४० दिवस काम भरले, तेवढेच वर्ष धरायचे. एवढ्यावर निकाल थांबला नाही. जो कायम कामगार एखाद्या वर्षी रजा न मांडता गैरहजर राहिला आणि त्यामुळे त्याचे काम २४० दिवसांपेक्षा कमी भरले, त्याचेही ते वर्ष ग्रॅच्युइटीच्या हिशेबातून गळायचे. नोकरीत असणे आणि प्रत्यक्ष काम केलेले असणे यांत न्यायालयाने दुसरे धरले.

कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून हा निकाल समजावून सांगता येतो. पण बदलीचे २४० दिवस कोणाच्या हातात होते? तो रोज फाटकाशी आला होता. काम मिळाले नाही, कारण त्या दिवशी दुसरे कोणी आजारी पडले नव्हते. त्याने आपले दिवस गिरणीच्या सोयीसाठी राखून ठेवले होते. गिरणीला गरज पडेल त्या दिवशी तयार माणूस मिळावा, म्हणून तर बदलीची पद्धत होती. त्या तयार राहण्याचे मोल कुठल्याच हजेरीपटावर चढले नाही. हा अन्याय होता, आणि आजही तो मला तसाच दिसतो.

संसदेने १९८४ मध्ये कायदा दुरुस्त केला. सलग सेवेची व्याख्या नव्याने लिहिली आणि ती लागू केली मागच्या तारखेपासून, ११ फेब्रुवारी १९८१ पासून, म्हणजे नेमक्या निकालाच्या दिवसापासून. आजारपण, अपघात, रजा, संप, टाळेबंदी, कामगाराचा दोष नसताना थांबलेले काम, यांमुळे सेवा तुटत नाही हे त्यात स्पष्ट झाले. रजेविना राहिलेली गैरहजेरीसुद्धा, सेवाखंडाचा रीतसर आदेश निघाला नसेल, तर सलग सेवेत धरायची. कायम कामगारांचे गेलेले त्यांना परत मिळाले. बदलीला मात्र २४० दिवसांचा उंबरठा ओलांडावाच लागला, आणि संसदेने त्याची दखल घ्यायला हवी होती असे मला वाटते.

विदर्भातल्या गिरण्यांचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. एम्प्रेस १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा थांबला. पण वडनेरच्या आसपासच्या शेतमजुराचा कारखान्याशी संबंध गिरणीपेक्षा जिनमधून, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, जास्त येतो. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिन सुरू होतात, उन्हाळा लागेपर्यंत चालतात, मग बंद. कापूस रेच्यांत घालणाऱ्यांत आणि रुई-सरकी उचलणाऱ्यांत बाया पुष्कळ. त्याच माणसांना दर हंगामात त्याच जिनवर बोलावणे येते. या लोकांसाठी १९७२ च्या कायद्यात वेगळे कलम होते, आणि ते फार कमी जणांनी वाचले आहे. कारखाना जितके दिवस चालला त्यातले पाऊणशे टक्के दिवस काम केले, की त्या हंगामाची सेवा सलग धरायची आणि एका हंगामामागे सात दिवसांचे वेतन द्यायचे. रोजी ४०० रुपये धरली तर एका हंगामाचे २,८०० होतात, वीस हंगामांचे ५६,०००. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मुलीच्या शिक्षणाची, घरावरच्या पत्र्यांची असते.

ती हाती का पडत नाही? मजूर ठेकेदारामार्फत येतात, त्यांची नावे दर वर्षी नवी लिहिली जातात, पाळीची हजेरी कच्च्या वहीत राहते आणि हंगाम संपला की वही कुठे जाते ते कळत नाही. दहापेक्षा कमी माणसे दाखवली की कायदाच लागत नाही. मालकाने रक्कम नाकारली असे सहसा घडत नाही, कारण ती कोणी मागतच नाही. आपला असा काही हक्क आहे हे त्या बाईला सांगणारे माणूस वीस वर्षांत तिच्यापर्यंत पोहोचलेले नसते.

गावातली आणखी एक बाई आपला हक्क मागत न्यायालयात गेली आणि जिंकली. ती अंगणवाडी सेविका. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळते, आणि म्हणून त्या कर्मचारी नाहीत असे सरकारे सांगत आली. गुजरातेतल्या सेविकांच्या खटल्यात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिले, की अंगणवाडी ही आस्थापना आहे, मानधन हे वेतनच आहे, आणि ग्रॅच्युइटीचा कायदा सेविका आणि मदतनिसांना लागू होतो. गरोदर बायांची नोंद, बाळांची वजने, आहार, लसीकरणाला साथ, वर सर्वेक्षणे, एवढे काम तीस-तीस वर्षे केलेल्या बाईला तू नोकरीत नव्हतीस असे सांगणे किती क्रूर होते, हे त्या निकालाने उघड केले. महाराष्ट्रातल्या सेविकांना त्यानंतरही याच मागणीसाठी संपावर जावे लागले.

पॅकेज घेऊन शहरात गेलेल्या मुलाकडे आता वळतो, कारण त्याच्यापुरता कायदा नुकताच बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा कायदा तिच्यात सामावला गेला. कायम नोकरीत पाच वर्षांची अट तशीच आहे. मुदतीच्या करारावर नेमलेल्याला मात्र एक वर्ष पुरे केले की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. दुसरा बदल वेतनाच्या व्याख्येचा. मूळ वेतन लहान ठेवायचे आणि भत्ते फुगवायचे, ही पॅकेजची जुनी रीत. ग्रॅच्युइटी मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर निघते, म्हणून ती आपोआप आटायची. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे.

नियुक्तिपत्रात ग्रॅच्युइटी पॅकेजचा भाग म्हणून लिहिली, म्हणजे ती मुदतीआधी मिळते असे नाही. आणि ती पॅकेजमध्ये मोजली, म्हणून पाच वर्षांनंतर कंपनी ती नाकारू शकते असेही नाही. चार वर्षे पुरी झाल्यावर पाचव्या वर्षी २४० दिवस काम झाले असेल, तर पाच वर्षे भरली असे मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ साली धरले. त्यामुळे साडेचार वर्षांनी राजीनामा देणाऱ्याने तारखा नीट मोजाव्यात. नोकरी सुटल्यावर तीस दिवसांत अर्ज करावा. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मालकाने ती द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही.

हंगामी कामगाराच्या वाट्याला नव्या संहितेत काय आले, ते मी उत्सुकतेने पाहिले. दर तोच आहे, एका हंगामाला सात दिवसांचे वेतन. एक गोष्ट मात्र नवी आहे. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता मालकावर बंधनकारक झाले आहे, आणि त्यातून जिनमधली बाई वगळलेली नाही. हिंगणघाटच्या पट्ट्यात पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा तिने ते मागावे, ग्रामपंचायतीने आणि युनियनने तिच्यासाठी मागावे. उद्या ग्रॅच्युइटीचा अर्ज सक्षम अधिकाऱ्यापुढे गेला, तर कोणत्या तारखेला कामाला लागलीस आणि किती दिवस काम केलेस हेच तिला विचारले जाणार आहे, आणि त्याचे उत्तर तिच्या जवळच्या कागदावर लिहिलेले असायला हवे.